खोके नवे, फिल्म तीच : नावाचे भाडे कोणी द्यावे?

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात फोटो काढणे ही एके काळी ठरवून करावयाची गोष्ट होती. बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, लग्नाची बोलणी, किंवा घरातील वडीलधाऱ्या माणसाची भिंतीवर लावावयाची तसबीर, अशा मोजक्या कारणांनीच माणूस स्टुडिओची पायरी चढे. फोटो कृष्णधवल असे. रोलवरील बारा चौकटी भरल्याखेरीज रोल धुण्यास घेणे परवडत नसे, म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला बाराव्या गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागे. अशा ठिकाणचा स्टुडिओवाला रोल विकत घेताना तीनच गोष्टी पाही : आत किती फोटो निघतात, धुतल्यावर निगेटिव्ह कशी येते आणि रोल केवढ्याला पडतो. खोक्याच्या रंगाला जादा पैसे मोजणे त्याला शक्य नव्हते. कारण ते पैसे अखेर अर्ज भरणाऱ्या मुलाच्याच खिशातून यावयाचे होते.

आज तो व्यवसाय संगणकाच्या छपाईयंत्रावर चालतो आणि गावोगावच्या डार्करूम बंद झाल्या आहेत. कृष्णधवल फिल्म मात्र नाहीशी झालेली नाही. पुण्या-मुंबईत आणि परदेशात कलाशाखेचे विद्यार्थी, हौशी छायाचित्रकार आणि काही व्यावसायिक ती अजून वापरतात. या लहानशा बाजारात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. फिल्म तयार करणारे कारखाने साऱ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत; पण दुकानात मांडलेल्या फिल्मची नावे मात्र दरसाल वाढतच आहेत. कारखाने थोडे आणि नावे अनेक, याचा अर्थ उघड आहे. एकाच कारखान्याची फिल्म निरनिराळ्या नावांच्या खोक्यांत भरून निरनिराळ्या किमतींना विकली जात आहे. नवे नाव मिळाले म्हणून फिल्म महाग व्हावी काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

हा प्रश्न चार हौशी लोकांचा आहे, मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराचा किंवा कापूस पिकवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. बियाण्याच्या पिशवीत किंवा औषधाच्या गोळीत काय आहे, हे सामान्य माणसाला तपासता येत नाही. फिल्मच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी तपासता येते. दोन नावांचे दोन रोल एकाच कॅमेऱ्यात, एकाच उजेडात वापरले, एकाच द्रावणात तेवढाच वेळ धुतले आणि दोन्ही निगेटिव्ह शेजारी ठेवून फरक दिसला नाही, तर नावापोटी घेतलेला पैसा उघडा पडतो. नावाच्या जोरावर किंमत कशी चढते, हे शिकण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

खर्च कोठे होतो?

प्रथम वस्तू कशी बनते ते पाहिले पाहिजे. चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण जिलेटिनमध्ये मिसळून तयार केलेला संवेदनशील लेप प्लॅस्टिकच्या पारदर्शक पट्टीवर पूर्ण अंधारात, अत्यंत समप्रमाणात चढवावा लागतो. लेप मायक्रॉनच्या हिशेबात मोजावयाचा असतो. धुळीचा एक कण किंवा तापमानातील थोडा चढउतारही संबंध रोल वाया घालवतो. या कामासाठी प्रचंड यंत्रे, शुद्ध हवा, रसायनज्ञ आणि वर्षानुवर्षे हात बसलेले कामगार लागतात. लेप चढवलेला रुंद, अजस्र रोल मग कापला जातो. पस्तीस मिलिमीटरच्या पट्ट्यांना कडेने भोके पाडली जातात, पट्टी कॅसेटमध्ये गुंडाळली जाते, कॅसेट डबीत आणि डबी खोक्यात जाते.

यातील पहिला भाग भांडवलाचा आणि ज्ञानाचा आहे. दुसरा भाग कापण्याचा, भरण्याचा व बांधण्याचा आहे. दुसऱ्या भागालाही श्रम आणि यंत्रे लागतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नवे नाव देणारा व्यापारी पहिला भाग करीत नाही. पुष्कळदा दुसराही तो दुसऱ्याकडूनच करवून घेतो. त्याचे स्वतःचे म्हणता येईल असे एकच उत्पादन उरते, ते म्हणजे नाव.

उदाहरणे काल्पनिक नाहीत. अमेरिकेतील कोडॅक कंपनीची ‘डबल-एक्स’ ही सिनेमासाठी केलेली कृष्णधवल फिल्म १९५९ पासून चालत आली आहे. १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटासाठी ती वापरली गेली होती. हीच फिल्म छायाचित्राच्या कॅसेटमध्ये भरून ‘सिनेस्टिल’ ही कंपनी ‘बीडब्ल्यूएक्सएक्स’ या नावाने विकते. या कंपनीच्या रंगीत फिल्मची गोष्ट वेगळी होती. सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हच्या पाठीवर काजळीचा थर असे. तो आधीच काढून टाकल्याने ती फिल्म नेहमीच्या प्रयोगशाळेत धुता येऊ लागली. ते खरे काम होते आणि त्याची मजुरी मागणे न्याय्य होते. कृष्णधवल ‘डबल-एक्स’वर असा थरच नाही. तेथे काम उरते ते पट्टी कापून कॅसेटमध्ये भरण्याचे आणि खोके छापण्याचे.

हिशेब सोपा आहे. छत्तीस फोटोंच्या एका रोलला सुमारे १.६ मीटर पट्टी लागते. चारशे फुटांचा सिनेमाचा रोल म्हणजे सुमारे १२२ मीटर. त्यातून पंचाहत्तरच्या आसपास रोल निघतात. सिनेमाच्या चित्रीकरणातून उरलेले तुकडे किंवा शंभर फुटी डबा विकत घेऊन अंधारात स्वतःच्या हाताने जुन्या कॅसेटमध्ये भरणे, ही छायाचित्रकारांची जुनी काटकसर आहे. शंभर फुटांत अठराएक रोल भरता येतात. जे काम एखादा विद्यार्थी रात्री चादरीखाली बसून करू शकतो, त्या कामाची मजुरी किती धरावी, याला काही मर्यादा असली पाहिजे.

दुसरे उदाहरण बेल्जियमचे. अ‍ॅग्फा-गेव्हर्ट कंपनीने विमानातून जमिनीची छायाचित्रे घेण्यासाठी ‘अ‍ॅव्हिफॉट’ फिल्म तयार केली. तीच फिल्म ‘रोलाय’ हे नाव भाड्याने घेतलेल्या एका जर्मन व्यापारी संस्थेच्या खोक्यांतून हौशी लोकांपर्यंत पोहोचली. रोलाय हे मूळ कॅमेऱ्याचे नाव. त्या कॅमेऱ्याच्या कीर्तीचा आणि फिल्मवरील लेपाचा काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो केवळ ग्राहकाच्या स्मरणशक्तीशी.

एक वस्तू, अनेक नावे. एक नाव, अनेक वस्तू

येथवर फसवणूक एका दिशेची आहे. दुसऱ्या दिशेची याहून वाईट आहे. जर्मनीतील अ‍ॅग्फाने आपला छायाचित्रांचा व्यवसाय २००४ मध्ये वेगळ्या कंपनीकडे सोपवला आणि २००५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. कारखाना बंद पडला, कामगार घरी गेले. नाव मात्र जिवंत राहिले आणि परवान्याने फिरू लागले. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या ‘एपीएक्स’ कृष्णधवल फिल्मचा जुन्या जर्मन कारखान्यातील लेपाशी संबंध नाही; ती इंग्लंडमधील हार्मन कंपनीच्या कारखान्यातून येते. जपानच्या फुजी कंपनीने ‘अ‍ॅक्रॉस’ फिल्म २०१८ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये ‘अ‍ॅक्रॉस दोन’ बाजारात आणली. तिच्या खोक्यावर इंग्लंडमध्ये निर्मिती झाल्याची नोंद आहे. फुजीने निदान देश तरी छापला, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

म्हणजे व्यापारी नावाचा जो एक बचाव नेहमी केला जातो, तोच येथे कोसळतो. नाव ही गुणवत्तेची हमी आहे, ग्राहकाला ओळखीची वस्तू पुन्हा मिळावी म्हणून नाव असते, असे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. परंतु वस्तू तीच राहून नाव बदलते आणि नाव तेच राहून वस्तू बदलते, अशा बाजारात नाव कशाची हमी देते? कारखाना मरतो, कारागिरी विखुरते, आणि मागे राहिलेली अक्षरे लिलावात विकली जातात. घरमालक परागंदा झाल्यावर दारावरची पाटी काढून दुसऱ्याच्या घराला लावावी आणि भाडे मात्र जुन्या लौकिकाप्रमाणे वसूल करावे, असा हा प्रकार आहे.

नाव बदलण्याचा प्रत्येक प्रसंग लबाडीचा असतो, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. वोल्फेन येथील फिल्मचा कारखाना १९०९ पासूनचा. महायुद्धानंतर तो पूर्व जर्मनीत गेला, आणि ‘अ‍ॅग्फा’ या नावावरील पश्चिमेकडील कंपनीच्या हक्कामुळे त्याने १९६४ मध्ये ‘ऑर्वो’ हे नाव घेतले. तेथे कारखाना तोच, कामगार तेच आणि नाव तेवढे नवे, असे घडले. ही ऑर्वो फिल्म रुपयांत चालणाऱ्या व्यापारातून भारतात येत असे आणि अनेक भारतीय छायाचित्रकारांनी तिच्यावर हात बसवला. मोठे नाव गमावले म्हणून तिची निगेटिव्ह बिघडली नाही. नावात किती आणि कारखान्यात किती असते, याचा तो इतिहासानेच केलेला प्रयोग होता.

तसेच लॉस एंजेलिसच्या एका दुकानाने चेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून चालत आलेल्या फोमा कारखान्याची फिल्म ‘अरिस्टा’ या नावाने विद्यार्थ्यांसाठी स्वस्तात विकली. हेही पुनर्नामकरणच, पण त्यामागचा हेतू साधे खोके, कमी जाहिरात आणि कमी किंमत हा होता. तेव्हा भांडण नव्या नावाशी नाही. नव्या नावाच्या आधाराने जी जादा किंमत घेतली जाते आणि आत काय आहे ते जे झाकले जाते, त्याच्याशी भांडण आहे.

रिकार्डोचा जुना धडा

या व्यापाराचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. त्यांचा पहिला मुद्दा खर्चाचा आहे. लहान व्यापाऱ्याला थोडा माल घ्यावा लागतो, भांडवल अडकते, शीतगृहात साठवण करावी लागते, मुदत संपून माल वाया जातो, खोके छापावे लागते, जाहिरात करावी लागते. मग किंमत चढणारच. यातील साठवण, नुकसान आणि अडकलेले भांडवल हे खरे खर्च आहेत आणि ते किमतीत धरलेच पाहिजेत. पण खोके आणि जाहिरात यांविषयी डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाविषयी दिलेला धडा आठवावा. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही. धान्य महाग विकते म्हणून खंड मागता येतो, असे त्याने दाखवून दिले. नावाचेही तसेच आहे. सुंदर खोक्याचा खर्च आला म्हणून फिल्म महाग झाली, हे खरे नव्हे. महाग विकण्याची सोय दिसली म्हणूनच सुंदर खोक्यावर खर्च करणे परवडले. ग्राहक ज्या जाहिरातीला भुलतो, तिचेही पैसे तोच भरतो.

समजा, एका रोलमधील फिल्म शंभर रुपयांना पडली, कापणे, भरणे, साठवण आणि नुकसान मिळून आणखी चाळीस लागले. डॉ. राममनोहर लोहियांनी ‘दाम बांधो’ची मागणी करताना कारखान्यातील गरजेच्या मालाची किंमत उत्पादन खर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, असा दंडक सुचवला होता. फिल्म ही मिठासारखी किंवा कापडासारखी गरजेची वस्तू नाही, हे मान्य. तरीही मोजपट्टी म्हणून तो दंडक लावला, तर १४० रुपयांच्या खर्चावर २१० रुपयांपर्यंतची किंमत समजण्यासारखी ठरते. व्यापाऱ्याने त्यापुढे जाऊन चारशे मागितले, तर वरचे १९० रुपये कोणत्या श्रमाचे, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. ते श्रमाचे नसतील, तर ते नावाचे भाडे आहे.

दुसरा मुद्दा असा की, ही चैनीची वस्तू आहे, ज्याला परवडते त्याने घ्यावी. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी कलाशाळेतील गरीब विद्यार्थ्याचा विचार केलेला नसतो. नांदूरघाटचा एखादा मुलगा छायाचित्रण शिकण्यासाठी शहरात आला आणि त्याला महिन्याला चार रोल वापरावे लागले, तर त्याच्यासाठी ती हौस नसते. ते त्याचे शिक्षण असते. शिक्षणाच्या साधनांवर नावाचे भाडे बसवणे म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलांसाठी कला राखून ठेवणे होय. चैनीच्या बाजारात रुजलेली सवय तेथेच थांबत नाही, हेही विसरता येणार नाही. औषधांचा आणि बियाण्यांचा बाजार हा त्याचा पुरावा आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. ही नवी नावे नसती, तर मागणी टिकली नसती, लेप चढवणारी यंत्रे थांबली असती आणि फिल्म कायमची संपली असती, असे ते म्हणतात. यंत्र एकदा चालू केले की मैलोगणती माल निघतो. तो खपवणारे पुष्कळ हात असतील तर कारखाना चालतो, ही गोष्ट खरी आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? जिवंत राहावयाचा आहे तो कारखाना. तेव्हा जादा पैसा कारखान्याकडे आणि तेथील कामगारांकडे गेला पाहिजे. मध्ये बसलेल्या नावाच्या मालकाकडे गेलेला पैसा यंत्राला तेल घालत नाही. शिवाय हार्मन कंपनी स्वतःच आपल्या नामांकित ‘इल्फर्ड’ फिल्मबरोबर ‘केंटमिअर’ नावाची स्वस्त फिल्म विकते. कारखान्याला स्वस्त माल विकून जगता येते, याचा याहून निराळा दाखला कशाला हवा?

उटीचा कारखाना आणि हातची विद्या

भारतापुरता या प्रश्नाचा सर्वांत कटू अध्याय निलगिरीत घडला. केंद्र सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन केली. फ्रान्सच्या बोशे कंपनीच्या सहकार्याने उदगमंडलम येथे कारखाना उभा राहिला आणि १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म, छपाईचा कागद आणि रुग्णालयांसाठी क्ष-किरणांची फिल्म देशात तयार होऊ लागली. चांदीचा लेप चढवण्याची विद्या जगातील मोजक्या कंपन्यांच्या तिजोरीत होती. ती भारतीय कामगारांच्या हाती आली, हे या कारखान्याचे खरे भांडवल होते. त्याच्या मालाच्या एकसारखेपणाविषयी छायाचित्रकारांच्या तक्रारी असत, आणि त्यातील पुष्कळ रास्त होत्या. सरकारी कारखान्याने केलेला निकृष्ट माल समाजवादाच्या नावाने खपवावा, असे कोणी म्हणणार नाही.

परंतु या कारखान्यानेही पुढे एक सोपी वाट धरली. रंगीत फिल्मच्या बाबतीत बाहेरून आणलेले मोठे रोल कापून त्यांवर ‘इंदू’चे नाव घालण्यात आले. लेप परक्याचा आणि खोके आपले, हीच ती वाट. क्ष-किरणांच्या फिल्मचा नवा प्रकल्प परदेशी तंत्रज्ञान आणि कर्ज घेऊन उभारला गेला, पण तो पूर्ण होईपर्यंत आयात खुली होत चालली होती. व्याजाचा बोजा वाढला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यास हा उद्योग आजारी ठरला. अखेर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उरलेल्या कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली. पाठोपाठ डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा बाजारच आटवला होता, हे खरे. तरी इंग्लंड, चेक प्रजासत्ताक आणि अमेरिका येथील लेपाचे कारखाने आकाराने लहान होऊन का होईना, टिकले आहेत. भारताने मात्र ती विद्याच सोडून दिली.

त्याचा परिणाम आज दिसतो. देशात लेप चढवणारा कारखाना नसल्याने भारतीय विद्यार्थी डॉलरमध्ये ठरलेली किंमत, वाहतूक, आयातशुल्क आणि करही भरतो, आणि या सर्वांच्या वर नावाचे भाडे भरतो. ज्याच्या हाती लेप नाही, त्याला नाव विकणाऱ्याशी घासाघीस करता येत नाही. स्वदेशीचा अर्थ खोक्यावर देशी नाव छापणे असा घेतला, की हीच गत होते. आतील वस्तू करण्याची विद्या हातात असणे, हाच स्वदेशीचा टिकाऊ अर्थ आहे.

पिशवी, गोळी आणि रोल

आता नांदूरघाटच्या शेतकऱ्याकडे वळावे. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर दुकानांत निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या चित्रांच्या बियाण्यांच्या पिशव्या आल्या. पण प्रारंभीच्या वर्षांत बोंडअळीविरुद्धचे जनुक बहुतेकींत एकाच कंपनीकडून परवान्याने घेतलेले होते. संकरित वाण वेगवेगळे होते, हे खरे. पण जादा किंमत घेतली जात होती ती सर्वांत समान असलेल्या त्या जनुकापोटी. ४५० ग्रॅमच्या पिशवीला सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत आणि त्यातील मोठा वाटा परवान्याच्या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे हे प्रकरण नेले आणि राज्य सरकारांनी हस्तक्षेप केल्यावर पिशवी ७५० रुपयांवर आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमती ठरवण्याचा कायदा केला. किंमत निम्म्याहून खाली आली, तरी कंपन्या बियाणे विकतच राहिल्या. वरचा अर्धा भाग खर्चाचा नव्हता, याची ती कबुलीच होती.

औषधांचा प्रश्न तर त्याहून जुना आहे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्येच औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत आणि प्रारंभी १३ औषधे केवळ मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली होती. ती शिफारस अमलात आली असती, तर आज गोळीच्या दुकानात जनऔषधीची वेगळी पाटी लावण्याची गरजच पडली नसती. नाव काढून टाकले की किंमत खाली येते, हे सरकारला तेव्हाच कळले होते. कळूनही ते करण्याचे धैर्य दाखवले गेले नाही.

काय मागावयाचे?

या सर्वांवर उपाय म्हणून नावांवर बंदी घालावी, अशी मागणी कोणी करू नये; ती अव्यवहार्य आहे. मागणी नेमकी असली पाहिजे. वेष्टनबंद मालाविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार, भरणारा आणि बनवणारा निराळे असतील तर दोघांचीही नावे व पत्ते वेष्टनावर छापावे लागतात. परंतु आयात मालाच्या बाबतीत आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि उगमाचा देश एवढ्यावर भागते. म्हणजे देशी पापड करणाऱ्या बचत गटाने आपला पत्ता छापावयाचा आणि परदेशी खोक्यामागील कारखान्याने मात्र पडद्याआड राहावयाचे! ही सवलत बंद झाली पाहिजे. आयात मालावरही मूळ कारखान्याचे नाव आणि गाव छापणे सक्तीचे करावे. फिल्मच्या बाबतीत लेप कोठे चढवला आणि कॅसेट कोठे भरली, हे स्वतंत्रपणे लिहावे. अक्षरे मोठी असावीत आणि मराठीतही असावीत.

दुसरी मागणी शिक्षणसंस्थांकडे. सरकारी कलाशाळांनी विद्यार्थ्यांसाठी फिल्म एकत्रितपणे, मोठ्या डब्यांत खरेदी करावी आणि ती भरण्याचे काम विद्यार्थ्यांनाच शिकवावे. महाराष्ट्राला सहकाराची परंपरा आहे. साखर आणि दूध जिला जमले, तिला शंभर फुटी डबा जड जाऊ नये.

तिसरे काम कार्यकर्त्यांचे आहे. बीडमधील किंवा अन्य जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी गावच्या कृषी सेवा केंद्रातील बियाणे, खते व औषधे यांच्या पिशव्या आणि बाटल्या समोर ठेवून एक तक्ता करावा : नाव काय, आतील घटक काय, कोणी बनवले, कोणी भरले, किंमत किती. एकच घटक, एकच प्रमाण आणि चार नावांना चार किमती असतील, तर तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. मुंबईत १९७२-७३ मध्ये लाटणी हाती घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांनी महागाईचा जाब विचारला, तेव्हा त्यांच्याजवळ अर्थशास्त्राच्या पदव्या नव्हत्या. डाळ-तेलाचा स्वयंपाकघरातला हिशेब होता. आज तसाच हिशेब पिशवीच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचून मांडावा लागेल.

नव्या खोक्यातील जुन्या फिल्मला जादा किंमत द्यावी काय, या प्रश्नाचे उत्तर मग अवघड राहत नाही. कोणी तिच्यावर खरे काम केले असेल, ती जपून साठवली असेल, नुकसान सोसून दूरवर पोहोचवली असेल, तर त्या कामाची मजुरी अवश्य द्यावी. केवळ नाव बदलले असेल, तर एक पैसाही जादा देऊ नये. रोल विकत घेण्यापूर्वी आत काय आहे आणि केवढ्याला पडते, हे पाहणारा गावचा स्टुडिओवाला आता राहिला नाही. त्याची ती चौकस नजर बियाण्याच्या, औषधाच्या आणि फिल्मच्या गिऱ्हाइकाने उचलली पाहिजे, आणि काउंटरवर पैसे ठेवण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : हे जादा पैसे नेमके कोणत्या कामाचे?